अमेरिकी वाहन उद्योग : टीका, दिवाळखोरी आणि पुनर्रचना

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहर आणि त्याचा परिसर विसाव्या शतकात मोटारनिर्मितीची राजधानी म्हणून ओळखला जात असे. तेथील जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तीन मोठ्या कंपन्यांपैकी जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या दोन कंपन्या २००९ मध्ये दिवाळखोरीत गेल्या आणि करदात्यांच्या पैशाच्या आधाराने पुन्हा उभ्या राहिल्या. या कंपन्यांवर झालेली टीका आणि सरकारी मदतीचा अखेरचा हिशेब यांचा हा आढावा.

संकटाची मुळे

१९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर कमी इंधनात चालणाऱ्या जपानी मोटारींची अमेरिकेतील मागणी वाढली. क्रायस्लर तेव्हाच अडचणीत आली होती. दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी देण्यास संसदेने मान्यता दिली आणि ली आयकोका यांच्या नेतृत्वाखाली कंपनीने घेतलेले कर्ज १९८३ मध्ये मुदतीपूर्वी फेडले.

हा धडा मात्र फार काळ टिकला नाही. १९९० च्या दशकात इंधन स्वस्त असताना कंपन्यांनी मोठ्या एसयूव्ही आणि पिकअप ट्रकवर भर दिला. या वर्गासाठी इंधनक्षमतेचे नियम सौम्य होते. शिवाय आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर १९६४ पासून २५ टक्के कर असल्याने परदेशी स्पर्धाही मर्यादित होती. लहान मोटारींची बाजारपेठ अशा रीतीने जपानी कंपन्यांच्या हाती गेली. निवृत्त कामगारांच्या आरोग्यविम्याचा आणि निवृत्तिवेतनाचा भारही डेट्रॉइटच्या कंपन्यांवर मोठा होता. अमेरिकेत नव्याने कारखाने उभारणाऱ्या परदेशी कंपन्यांवर तेवढा भार नव्हता.

२००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोलचा दर गॅलनमागे चार डॉलरच्या वर गेला. शरद ऋतूत वित्तसंस्था कोसळल्या आणि वाहनकर्जे मिळणे कठीण झाले. २००५ मध्ये सुमारे १ कोटी ७० लाख असलेली वार्षिक वाहनविक्री २००८ मध्ये १ कोटी ३२ लाखांवर आणि २००९ मध्ये १ कोटी ४ लाखांवर आली. एकट्या जनरल मोटर्सला २००८ मध्ये जवळपास ३१ अब्ज डॉलरचा तोटा झाला.

संसदेतील सुनावणी

नोव्हेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्सचे रिक वॅगनर, फोर्डचे ॲलन मुलाली आणि क्रायस्लरचे रॉबर्ट नार्डेली यांनी संसदीय समित्यांपुढे २५ अब्ज डॉलरच्या मदतीची मागणी केली. तिघेही खासगी विमानांनी वॉशिंग्टनला आल्याचे उघड होताच सदस्यांनी त्यांना धारेवर धरले आणि देशभर संताप व्यक्त झाला. डिसेंबरमधील सुनावणीला ते डेट्रॉइटहून मोटारीने आले. या वेळी मागणी ३४ अब्ज डॉलरवर गेली होती.

टीकेचा दुसरा रोख युनायटेड ऑटो वर्कर्स या कामगार संघटनेवर होता. कामगारांना तासाला ७० डॉलर मिळतात, असा प्रचार झाला. प्रत्यक्षात या आकड्यात निवृत्तांवरील खर्चही धरलेला होता. संघटनेने २००७ च्या करारातच नव्या कामगारांसाठी जुन्यांच्या जवळपास निम्मे वेतन मान्य केले होते. वेतनकपातीच्या मुदतीवर एकमत न झाल्याने ११ डिसेंबर रोजी सिनेटमध्ये मदतीचे विधेयक अडले.

मदत आणि पुनर्रचना

अखेर १९ डिसेंबर २००८ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी वित्तसंस्थांसाठीच्या निधीतून या दोन कंपन्यांना १७.४ अब्ज डॉलरचे कर्ज जाहीर केले. फोर्डने २००६ मध्येच मालमत्ता तारण ठेवून मोठे कर्ज उभारले असल्याने ही मदत घेतली नाही. मार्च २००९ मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांच्या प्रशासनाने दोन्ही कंपन्यांच्या योजना अपुऱ्या ठरवल्या आणि वॅगनर यांना पद सोडावे लागले.

क्रायस्लरने ३० एप्रिल रोजी आणि जनरल मोटर्सने १ जून रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. क्रायस्लरची सूत्रे इटलीच्या फियाट कंपनीकडे गेली. नव्या जनरल मोटर्समध्ये अमेरिकी सरकारचा वाटा सुमारे ६१ टक्के होता. पाँटियाक, सॅटर्न आणि हमर या नाममुद्रा बंद झाल्या. क्रायस्लरने ७८९ विक्रेत्यांशी असलेले करार संपुष्टात आणले.

खर्च कोणी सोसला

जनरल मोटर्समध्ये गुंतवलेल्या सुमारे ४९.५ अब्ज डॉलरपैकी दहा अब्जांहून अधिक रक्कम सरकारला परत मिळाली नाही. शेवटचे समभाग डिसेंबर २०१३ मध्ये विकले गेले. उद्योग कोसळला असता तर नुकसान याहून कितीतरी मोठे झाले असते, असे मदतीचे समर्थक म्हणतात. तोट्याचा भार मात्र सर्वांवर सारखा पडला नाही. सुटे भाग बनवणाऱ्या डेल्फाय कंपनीतील संघटित कामगारांच्या निवृत्तिवेतनातील तूट जनरल मोटर्सने भरून काढली. त्याच कंपनीच्या सुमारे २० हजार पगारदार कर्मचाऱ्यांना हे संरक्षण मिळाले नाही आणि त्यांपैकी अनेकांचे निवृत्तिवेतन घटले.

२०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या मोटारींतील सदोष इग्निशन स्विचचे प्रकरण उघडकीस आले. कंपनीत हा दोष अनेक वर्षे माहीत असूनही वाहने परत मागवली गेली नव्हती. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. दिवाळखोरीपूर्वीच्या अपघातांची जबाबदारी नव्या कंपनीवर नाही, ही भूमिका तेव्हा तीव्र टीकेचा विषय ठरली.

महाराष्ट्रालाही या उद्योगाच्या चढउतारांची झळ बसली. जनरल मोटर्सचा पुण्याजवळील तळेगाव येथील कारखाना २००८ मध्ये सुरू झाला होता. कंपनीने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली आणि २०२० मध्ये येथील उत्पादनही बंद केले. हा कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला.

संकटकाळात स्वीकारलेली दुहेरी वेतनश्रेणी रद्द करण्यासाठी अमेरिकी कामगारांना सप्टेंबर २०२३ मध्ये तिन्ही कंपन्यांविरुद्ध एकाच वेळी संप करावा लागला. सुमारे सहा आठवड्यांनंतर झालेल्या करारांत हा भेद बहुतांशी दूर झाला. सरकारने आपले समभाग विकून दहा वर्षे होत आली होती. कामगारांचा हिशेब तोवर मिटलेला नव्हता.