घरातले अण्णासाहेब

थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना आपल्याकडील चरित्रकार बहुधा घराच्या उंबरठ्याशीच थबकतो. संस्था केव्हा निघाली, देणगी कोणी दिली, सन्मान कोणते झाले, हे तो नेमके सांगतो; परंतु त्या पुरुषाच्या पत्नीने संसार कसा निभावला आणि मुलांच्या वाट्यास बाप कितीसा आला, हे विचारण्याचा त्यास संकोच वाटतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या बाबतीत या संकोचास जागाच उरलेली नाही. कारण त्यांच्या घरच्या माणसांनीच त्यांच्याविषयी लिहून ठेविले आहे, आणि तेही भीडभाड न धरता.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. ते वाढले मुरुडास. १८९१ साली त्यांची प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या, तेव्हा पुत्र रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. विधुराने एखाद्या कुमारिकेचे पाणिग्रहण करावे, हीच त्या काळची रुळलेली वाट. ती सोडून त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला. याच पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया म्हणून महाराष्ट्रास ठाऊक झाल्या. मुरुडकरांनी बहिष्कार घातला, आणि ज्या गावावर जीव जडलेला, तेथेच अण्णासाहेब परके झाले. हा बहिष्कार एकट्या पतीवर नव्हता. त्याचा अर्धा भार पत्नीने वाहिला, हे आपण सहसा विसरतो.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. कॉलेजातील काम आटोपून अण्णासाहेब पायी हिंगण्यास जात, ही गोष्ट आपल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण ज्या घरातून ते निघत, त्या घरात मीठमिरची कशी पुरवली जात होती, हे बायांनाच ठाऊक. अण्णासाहेबांनी आपली विम्याची पॉलिसीदेखील आश्रमास देऊन टाकिली. अशा पॉलिसीवर बायकामुलांची काय भिस्त असते, हे आमच्या मध्यमवर्गीय वाचकांस सांगावयास नको. अशा पतीविषयी बायांनी १९४४ साली ‘माझे पुराण’ प्रसिद्ध केले. सूनबाई कावेरीबाईंनी ते शब्दबद्ध केले. त्यात पतीविषयी आदर आहे, पण आरती नाही. आणि याच बाया संस्थेसाठी वर्गणी गोळा करीत हिंडल्याही.

पिता या नात्याने अण्णासाहेबांचे भाग्य संमिश्र होते. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासा येथे स्थायिक झाले; दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक व पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले; भास्करराव हिंगण्याच्या संस्थेत राबले. ज्येष्ठ रघुनाथरावांनी मात्र संततिनियमनाचा प्रचार हाती घेतला आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. बापावर एके काळी झालेली लोकनिंदेची वृष्टी आता लेकावर झाली. फरक इतकाच की, बापाच्या हयातीत निंदेची स्तुती झाली, लेकाच्या हयातीत झाली नाही. १९५० साली बाया गेल्या, १९५३ साली रघुनाथरावही गेले. पंचाण्णवाव्या वर्षी ज्येष्ठ पुत्राचा मृत्यू पाहण्याचे प्राक्तन त्या वृद्ध पित्याच्या नशिबी आले. १९५८ साली भारतरत्न मिळाले, तेव्हा घरातील या दोन जागा रित्या होत्या.

सुनेची गोष्ट याहूनही बोलकी आहे. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई उच्च शिक्षणासाठी जर्मनीस निघाल्या, तेव्हा ज्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढिले त्याच सासऱ्यांस ते पसंत नव्हते! इरावतीबाई गेल्या, बर्लिनची डॉक्टरेट मिळवून परतल्या, आणि पुढे त्यांनी सासऱ्यांविषयी ममतेने, परंतु डोळे उघडे ठेवून लिहिले. याच घरात आजोबांच्या दोन नाती, जाई निंबकर आणि गौरी देशपांडे, लेखिका झाल्या.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी वयाच्या १०४व्या वर्षी अण्णासाहेबांचे देहावसान झाले. या घराने त्यांच्यावर प्रेम केले काय? आम्हांस वाटते, निःसंशय केले. पण ते प्रेम हिशेब विसरलेले नव्हते. आपणांस काय मिळाले नाही, हे जाणूनच ते केलेले होते. ज्या काळी विधवेने तोंड वर करून बोलणेही पाप मानले जाई, त्या काळी अण्णासाहेबांनी एका विधवेस घरी आणिले. आणि पन्नास वर्षांनी तिनेच त्यांच्या संसाराचा जमाखर्च जगापुढे मांडिला. त्यांच्या संस्थांच्या इतिहासाशेजारी बायांचे हे पुस्तक ठेवावे आणि दोन्ही एकत्र वाचावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.