देणगी संपल्यावर आरोग्यप्रकल्प

यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन वसले आहे. कापसाचा आणि कोलाम पोडांचा हा परिसर. अशा भागात देणगीवर चालणारा आरोग्यप्रकल्प बहुधा तीन वा पाच वर्षांसाठी मंजूर होतो. मुदत सरली की प्रथम गाडी थांबते, मग मानधन, शेवटी औषधांची पेटी रिकामी होते. दोष नेहमी देणगीदाराचाच असतो असे नाही; ‘नंतर कोण?’ हा प्रश्न पुष्कळदा मूळ अर्जातच विचारलेला नसतो.

या प्रश्नाचा मोठा अनुभव जामखेड (जि. अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर) येथे मिळतो. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. बाहेरील साह्य होतेच. परंतु आरोग्यसेविका गावातून निवडल्या गेल्या. त्यांतील अनेक निरक्षर व दलित होत्या. सुरक्षित बाळंतपण, जुलाबात मीठ-साखर-पाणी, बालकांचे पोषण हे त्या जामखेडला येऊन शिकत व गावी जाऊन इतर स्त्रियांना शिकवीत. त्यांची उपजीविका प्रकल्पाच्या पगारावर टांगलेली राहू नये म्हणून लहान व्यवसायांना हातभार दिला गेला. महिला मंडळे व शेतकरी मंडळे पाठीशी होती. दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. त्यांच्यानंतरही काम चालू राहिले. रुग्णालयाला मात्र देणग्या लागतात, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. शस्त्रक्रियागृह आणि गावातील ज्ञान यांचा खर्च सारखा नसतो.

कुष्ठरोगाचा अनुभव याच्या उलट आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले आणि अनेक देणगीदारांचा हात आखडला. पूर्व विदर्भात नवे रुग्ण मात्र आढळतच राहिले.

आपल्या धर्मभगिनींच्या दवाखान्यांचे बळ निराळे आहे. धर्मभगिनींची बदली होते, मठ राहतो. तरीही प्रकल्प स्वीकारतानाच काही गोष्टी ठरवाव्यात: २००५ पासून आलेल्या आशा कार्यकर्तीला समांतर माणूस नेमू नये, तिलाच प्रशिक्षण द्यावे, क्षयरोगाची औषधे सरकारी केंद्रातूनच मिळवावीत, परवडेल तेवढे शुल्क पहिल्या दिवसापासून घ्यावे. ग्राम आरोग्य समितीचा अबंधित निधी आणि ग्रामपंचायतीचा महिला व बालकल्याणासाठीचा दहा टक्के राखीव खर्च यांची चौकशी ग्रामसभेत धर्मग्रामस्थांनी स्वतः करावी.