प्रागमधल्या टाळ्या

मी अनेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला. शीतयुद्धाचा धडा आला की मुलं जांभया द्यायची. करार, परिषदा, क्षेपणास्त्रं यांच्या यादीत त्यांचं मन कसं रमणार? मग मी पुस्तक मिटायचो आणि मार्टिना नवरातिलोवाची गोष्ट सांगायचो.

मार्टिनाचा जन्म १९५६ चा, प्रागमधला. आजी चांगली टेनिसपटू. सावत्र वडील मिरेक नवरातिल हे तिचे पहिले प्रशिक्षक, आडनावही त्यांचंच. ती अकरा वर्षांची असताना, ऑगस्ट १९६८ मध्ये, सोव्हिएत रणगाडे झेकोस्लोव्हाकियात शिरले. आपल्या देशाचा कारभार दुसरीकडून चालतो, हे त्या पिढीला असं कळलं.

१९७३ मध्ये ती पहिल्यांदा अमेरिकेत खेळायला गेली. तिथलं खाणं, कपडे, मोकळेपणा तिला भावला आणि नेमकं तेच मायदेशी खुपलं. परदेश दौरे कमी कर, शिक्षण पुरं कर, असं टेनिस संघटना सांगू लागली. वास्तविक १९७५ मध्ये देशाला पहिल्यांदाच फेडरेशन कप मिळवून देणाऱ्या संघात ती होती! तरी त्याच वर्षीच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेला जाण्याची परवानगी मिळता मिळता नाकी नऊ आले. उपान्त्य सामन्यात ख्रिस एव्हर्टकडून ती हरली आणि थेट न्यूयॉर्कच्या सरकारी कार्यालयात जाऊन तिने आश्रय मागितला. वय वर्षं अठरा. आईवडील आणि धाकटी बहीण मागेच राहिले.

याची किंमत तिने मोजली. झेक वर्तमानपत्रांतून तिचं नाव गायब झालं. १९७८ मध्ये एव्हर्टला हरवून ती पहिल्यांदा विम्बल्डन जिंकली, तेव्हा घरचं कुणीही प्रेक्षकांत नव्हतं. आईला यायची परवानगी मिळाली ती पुढच्या वर्षी. १९८१ मध्ये ती अमेरिकेची नागरिक झाली. त्याच वर्षी तिचं समलिंगी असणं जगजाहीर झालं. जाहिरातदारांनी पाठ फिरवली, पण तिने काही नाकारलं नाही.

खेळाचं काय सांगावं! विम्बल्डनची एकेरीची ९ विजेतेपदं, ग्रँड स्लॅमची एकेरीत १८ आणि दुहेरी-मिश्र धरून ५९. १९८३ या अख्ख्या वर्षात ती एकच सामना हरली. पुढच्या वर्षी सलग ७४ सामने जिंकल्यावर तिला रोखलं ते हेलेना सुकोवाने. तीही झेकच!

मला मात्र या आकड्यांपेक्षा जुलै १९८६ महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षीचा फेडरेशन कप प्रागमध्ये होता आणि मार्टिना अमेरिकेच्या संघात. अकरा वर्षांनी ती मायदेशी उतरली, तीही परक्या देशाची खेळाडू म्हणून. झेक राष्ट्रगीत वाजलं तेव्हा तिला अश्रू आवरले नाहीत. मैदानावर तिचं नाव उच्चारायचंही टाळलं गेलं. पण लोकांना ते सांगायची गरज कुठे होती? अंतिम फेरीत समोर त्यांचीच हाना मांडलिकोवा होती, तरी टाळ्या पडत होत्या मार्टिनाला. अमेरिका ३-० जिंकली. वर्तमानपत्रात ती बातमी मी दोनदा वाचली. सभा नाही, घोषणा नाही. पण हजारो माणसांनी सरकारला जे सांगायचं ते टाळ्या वाजवून सांगितलं होतं. तीनच वर्षांनी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, तीच माणसं प्रागच्या रस्त्यांवर उतरली आणि ती राजवट कोसळली.

आपल्याला ती आणखी एका कारणाने जवळची. २००३ मध्ये लिअँडर पेसच्या साथीने तिने ऑस्ट्रेलियन आणि विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकली. २००६ मध्ये पन्नाशीला महिनाभर राहिला असताना ती शेवटचं ग्रँड स्लॅम जिंकली, तेही अमेरिकन खुल्या स्पर्धेत, जिथून १९७५ मध्ये ती घरी परतली नव्हती.

गोष्ट संपली की एखादा मुलगा हमखास विचारायचा, "सर, मग तिचा देश कोणता?" मी फळ्यावर दोन साल लिहायचो : १९७५ आणि १९८६. चषक एकच, देश दोन. २००८ मध्ये तिला झेक नागरिकत्व परत मिळालं, अमेरिकेचंही राहिलं. आता शिकवायचं असतं तर तिसरं सालही लिहिलं असतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)