क्यूबाचा पेंच आणि वाटाघाटींचें गणित

बाजारांत आंब्याची पेटी विकत घेणारें गिऱ्हाईक आणि बागवान यांची घासाघीस आपण सर्वांनींच पाहिली आहे. भाव ऐकून गिऱ्हाईक चालूं लागतें, मागें वळून पाहत नाहीं. बागवानहि त्यास लगेच हांक मारीत नाहीं. दोघांनाहि सौदा हवा असतो, आणि आपणांस त्याची फारशी गरज नाहीं असें दोघेहि भासवीत असतात. सौदा फिसकटलाच तर एकाचे आंबे राहतात व दुसरा रिकाम्या हातानें घरीं जातो. याहून अधिक कांहीं बिघडत नाहीं. परंतु हीच घासाघीस दोन बलाढ्य राष्ट्रांमध्यें सुरू झाली, आणि ती फिसकटल्यास उभयतांचीं नगरें भस्मसात् होणार असलीं, तर शहाण्या माणसानें कसें वागावें? १९६२ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत तेरा दिवस हा प्रश्न साऱ्या जगापुढें उभा होता. त्याच तेरा दिवसांची कथा आज श्रोत्यांपुढें मांडावयाची आहे.

घासाघिशीलाहि शास्त्र असूं शकतें, ही कल्पना फार जुनी नाहीं. जॉन फॉन नॉयमन हे गणिती आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न हे अर्थशास्त्रज्ञ यांनीं १९४४ सालीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून खेळ-सिद्धान्ताचा पाया घातला. मी काय करावें हें तूं काय करशील यावर अवलंबून, आणि तूं काय करशील हें मी काय करीन या तुझ्या अंदाजावर अवलंबून. अशा परस्परांत गुंतलेल्या निर्णयांचा हा विचार आहे. पुढें १९६० सालीं थॉमस शेलिंग या अमेरिकन पंडितानें हा विचार राष्ट्राराष्ट्रांतील कलहाला लावून दाखविला. कुस्तींत एकाचा जय तोच दुसऱ्याचा पराजय असतो. युद्धाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या राष्ट्रांचें तसें नसतें, हें त्याचें मुख्य म्हणणें. त्यांचें हित परस्परविरोधी असतें खरें, पण सर्वनाश टाळण्यांत तें एकहि असतें. म्हणून असा प्रत्येक कलह हा अंशतः सौदाच होय. या विवेचनाबद्दल शेलिंग यांस २००५ सालीं रॉबर्ट ऑमन यांच्यासमवेत अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

अण्वस्त्रांच्या या चढाओढीला बर्ट्रांड रसेल यांनीं १९५९ सालीं एक समर्पक दृष्टान्त दिला होता. दोन उनाड तरुण एकाच रस्त्यावर समोरासमोरून भरधांव मोटारी हांकीत येतात. जो आधीं बाजूला वळेल तो भ्याड ठरतो. एक वळला तर दुसऱ्याची सरशी. दोघेहि वळले तर कोणाचेंच फारसें जात नाहीं. आणि कोणीच वळला नाहीं तर दोघेहि प्राणांस मुकतात. या खेळांत जिंकण्याची एक भयंकर युक्ति आहे: आपलें सुकाणूंचें चाक उपटून प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांदेखत बाहेर फेकून द्यावें! मग वळणें आपल्या हातीं उरत नाहीं, आणि वळण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या माथीं येते. आपलें स्वातंत्र्य गमावणें हेंहि बळ ठरूं शकतें, असा हा विलक्षण सिद्धान्त आहे. पण उभयतांनीं एकाच क्षणीं चाकें फेकून दिलीं तर?

आतां इतिहासाकडे वळूं. १४ ऑक्टोबर १९६२ रोजीं एका अमेरिकन टेहळणी विमानानें क्यूबा बेटाचीं छायाचित्रें घेतलीं. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यापासून अवघ्या नव्वद मैलांवर असलेल्या त्या बेटावर सोव्हिएट रशियाचीं क्षेपणास्त्रें उभारलीं जात असल्याचें त्यांत दिसून आलें. १६ तारखेस ही वार्ता अध्यक्ष केनेडी यांच्या कानीं घालण्यांत आली. ख्रुश्चॉव्ह यांनीं हें साहस कां केलें? एक तर दीर्घ पल्ल्याच्या अस्त्रांत रशिया बराच मागें होता; दुसरें, आदल्या वर्षीं अमेरिकेच्या पाठबळानें क्यूबावर एक फसलेली स्वारी झाली होती, व तिची पुनरावृत्ति होईल अशी भीति होती; आणि तिसरें, रशियाच्या शेजारीं तुर्कस्थानांत अमेरिकेचीं ज्युपिटर नांवाचीं पंधरा क्षेपणास्त्रें सज्ज होतीं. आपल्या दाराशीं तोफ ठेवणाऱ्याच्या दाराशीं आपणहि तोफ ठेवावी, असा हा हिशेब होता. याच दिवसांत, २० ऑक्टोबरला, चिनी सैन्यानें आपल्या सरहद्दीवर मोठा हल्ला चढविला. त्या दुःखाच्या छायेंत क्यूबाचें प्रकरण आपल्या आठवणींत काहींसें मागें पडलें असेल तर नवल नाहीं.

केनेडींच्या कित्येक सल्लागारांचें मत ताबडतोब बाँबहल्ला करावा असें होतें. त्यांनीं मात्र नाकेबंदी पत्करली, आणि तिला ‘विलगीकरण’ असें सौम्य नांव दिलें. कारण नाकेबंदी हें आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणें युद्धाचेंच कृत्य मानलें जातें. २२ तारखेस त्यांनीं आकाशवाणीवरून व दूरचित्रवाणीवरून जगापुढें आपली भूमिका मांडली. सौद्याच्या दृष्टीनें या निवडीचें मर्म असें, कीं बाँब पडला म्हणजे उत्तर देण्यावांचून प्रतिपक्षास गत्यंतर राहत नाहीं. उलट नाकेबंदींत पुढचें पाऊल टाकण्याची वा न टाकण्याची पाळी त्याचीच असते. रशियन जहाजें परत फिरलीं, पण बेटावरील क्षेपणास्त्रांचें काम चालूंच राहिलें.

२६ तारखेस ख्रुश्चॉव्ह यांचें एक लांबलचक खासगी पत्र वॉशिंग्टनला पोंचलें. आपण दोघेहि एकाच दोराला दोन बाजूंनीं ओढीत आहों, आणि जितकें ओढूं तितकी मधली गांठ घट्ट होईल, असा त्यांतील आशय होता. क्यूबावर स्वारी न करण्याचें वचन द्या, म्हणजे आमच्या अस्त्रांचें प्रयोजन उरणार नाहीं, असें तें सुचवीत होतें. परंतु दुसऱ्या दिवशीं मॉस्कोच्या आकाशवाणीवरून दुसरेंच पत्र जगजाहीर झालें, आणि त्यांत तुर्कस्थानांतील अमेरिकन अस्त्रांचीहि मागणी घातलेली होती. खासगी पत्रांतील मागणी मागें घेतां येते. चारचौघांत केलेली मागणी मागें घेणें म्हणजे नाक कापून घेणें. सुईच्या अग्रावर राहील इतकीहि भूमि देणार नाहीं, हें दुर्योधन भरसभेंत बोलला, आणि त्या बोलण्यानें त्यानें कृष्णशिष्टाईपेक्षांहि स्वतःचीच वाट अधिक बंद केली, तें आपणांस ठाऊक आहे. मोटारीचें चाक फेकून देणें तें हेंच.

तो २७ तारखेचा शनिवार सर्वांत घातक ठरला. क्यूबावर एक अमेरिकन विमान पाडलें गेलें व त्याचा वैमानिक मेजर अँडरसन ठार झाला. तो बाण मॉस्कोच्या आज्ञेनें सुटला नव्हता, स्थानिक सेनाधिकाऱ्यांनींच तो सोडला होता. त्याच दिवशीं समुद्रांत अमेरिकन युद्धनौकांनीं एका रशियन पाणबुडीला वर येण्यास भाग पाडण्यासाठीं इशाऱ्याचे स्फोट केले. त्या पाणबुडीवर अणुस्फोटक टॉर्पेडो होता, हें त्यांस ठाऊक नव्हतें. पाणबुडीवरील एका अधिकाऱ्यानें पुढें सांगितलेल्या आठवणीप्रमाणें, संतापलेल्या कप्तानास आर्खिपॉव्ह नांवाच्या अधिकाऱ्यानें आवरलें. दोन्ही राष्ट्रनायक कितीहि विचारी असोत, गाडीच्या चाकावर केवळ त्यांचेच हात नव्हते.

त्या रात्रीं अध्यक्षांचे बंधु रॉबर्ट केनेडी यांनीं रशियन राजदूत डोब्रिनिन यांची एकांतांत भेट घेतली. क्यूबावर स्वारी न करण्याचें वचन उघडपणें मिळेल. तुर्कस्थानांतील क्षेपणास्त्रेंहि चारपांच महिन्यांत निघतील, परंतु याचा कोठेंहि बभ्रा होतां कामा नये, असा त्या बोलण्याचा सारांश. दुसऱ्या दिवशीं, २८ तारखेस, ख्रुश्चॉव्ह यांचा माघारीचा निर्णय मॉस्को आकाशवाणीनें जाहीर केला. राजदूतांमार्फत तो पाठविण्याइतकाहि वेळ दवडणें त्यांस धोक्याचें वाटलें. १९६३ च्या एप्रिलपर्यंत तुर्कस्थानांतील अस्त्रें मुकाट्यानें निघून गेलीं.

रशियाची माघार सर्व जगानें आकाशवाणीवरून ऐकली. अमेरिकेची माघार कोणीच ऐकली नाहीं. एकट्या तुर्कस्थानच्या अभिवचनानेंच ख्रुश्चॉव्ह वळले असें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि सौद्याचा तो अर्धा भाग होता, यांत शंका नाहीं. रॉबर्ट केनेडी यांच्या मृत्यूनंतर १९६९ सालीं त्यांच्या आठवणींचें पुस्तक निघालें, त्यांतूनहि ही स्पष्ट कबुली वगळलेली होती. तें वगळणारे सोरेनसेन यांनीं स्वतःच १९८९ सालीं हें मान्य केलें. म्हणजे पंचवीस वर्षांहून अधिक काळ झांकली मूठ सव्वा लाखाचीच राहिली! त्याची किंमत कोणीं दिली? ख्रुश्चॉव्ह यांनीं तर दिलीच; दोन वर्षांत ते पदच्युत झाले, आणि क्यूबांतील नामुष्की त्यांच्यावरील आरोपांत होती. पण अमेरिकेच्या एका पिढीनेंहि ती दिली. ताठ उभें राहिलें कीं शत्रु वाकतो, असा अर्धवट धडा ती या प्रकरणापासून शिकली, आणि व्हिएटनामच्या रणांत तो धडा तिला फार महाग पडला.

१९९२ सालीं हाव्हाना येथें भरलेल्या परिषदेंत त्या वेळचे अमेरिकन संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांस आणखी एक गोष्ट कळली. अमेरिकन सेना बेटावर उतरली असती, तर तिच्यावर वापरावयाचीं लहान अण्वस्त्रेंहि तेथें होतीं. जे स्वारीचा आग्रह धरीत होते, त्यांस याची कल्पनाच नव्हती.

खेळ-सिद्धान्त आपणांस खरोखर काय शिकवितो, तें येथें दिसतें. जिंकण्याची हमी तो देत नाहीं. प्रतिपक्षाला पळण्यास वाट ठेवा, आणि ती वाट त्याला अब्रूनें चालतां येईल अशी ठेवा, एवढें तो सांगतो. त्या पत्रांना पोंचावयास कित्येक तास लागले, म्हणून २० जून १९६३ रोजीं दोन्ही राजधान्यांमध्यें थेट संदेशवाहक तार जोडण्याचा करार झाला. हा धडा मात्र दोघांनींहि पुरता घेतला. दुसरा धडा तुमच्याआमच्यासारख्या ऐकणारांसाठीं आहे: अमुक राष्ट्र नमलें अशी वार्ता कानीं येईल, तेव्हां आनंद मानण्यापूर्वीं एवढें अवश्य विचारावें, कीं त्या बदल्यांत दुसऱ्यानें काय दिलें, आणि तें आपणांस कां सांगितलें गेलें नाहीं?