गलबत

गलबत : मराठा आरमारातील हलकी, उथळ बुडाची, शीड आणि वल्ही या दोहोंवर चालणारी लढाऊ नौका. किनाऱ्यालगतची गस्त, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांच्या दस्तकांची म्हणजे परवान्यांची तपासणी, बेटावरील किल्ल्यांना रसद पोहोचविणे आणि मोठ्या जहाजावर चढाई करणे ही तिची मुख्य कामे होत.

 मराठ्यांचे आरमार उभे राहण्यापूर्वी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथून चालणाऱ्या निजामशाहीच्या ताब्यात चौल व दंडा-राजपुरी ही बंदरे होती आणि जंजिऱ्याचे सिद्दी मुळात तिचेच चाकर होते. १६३६ मध्ये निजामशाही बुडाल्यावर उत्तर कोकण आदिलशाहीकडे गेले आणि १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर तेथील खाड्यांत मराठ्यांची नौकाबांधणी सुरू झाली. या कामावरील पोर्तुगीज कारागीर पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या दबावामुळे लवकरच निघून गेले, तरी बांधणी थांबली नाही.

गलबताच्या रचनेचे सर्वांत तपशीलवार वर्णन अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केले आहे. त्याच्या मते मोठ्यात मोठे गलबतही सत्तर टनांपलीकडे क्वचितच जाई. त्याला दोन डोलकाठ्या असत. पैकी मागची अगदी बारीक, तर मुख्य डोलकाठीवर एकच, पण फार मोठे त्रिकोणी शीड चढविलेले असे. लहान गलबतांवर वजन वाचविण्यासाठी चिरलेल्या बांबूंची तक्तपोशी घालीत आणि काठावर चहूकडे फिरविता येणाऱ्या लहान तोफा, म्हणजे जंबुरे, बसवीत. मोठ्यांवर पक्की तक्तपोशी व दोन ते चार पौंडी गोळ्याच्या सहा-आठ तोफा असत. चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या जोरावर गलबत वारा पडलेला असतानाही ताशी चार मैल जाऊ शके. त्याची खरी ताकद तोफांत नव्हती, तर या वल्ह्यांत आणि उथळ बुडात होती, कारण ज्या वेळी व ज्या पाण्यात युरोपीय जहाज अडकून पडे, त्याच वेळी व त्याच पाण्यात गलबत मोकळे फिरे.

लढाईत गलबताचा जोडीदार गुराब हा असे. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, पुढे निमुळत्या नाळेचे व नाळेवरून समोर मारा करणाऱ्या जड तोफांचे जहाज. वारा नसला तर गलबते वल्ही मारीत गुराबांना ओढून नेत. गुराबा शत्रूच्या पिछाडीस राहून आधी डोलकाठ्या उडवीत आणि तो नेटाने लढू लागला, तर माणसांनी भरलेली गलबते एकाच वेळी चारी बाजूंनी भिडत. अशा एकेका गलबतात दोनतीनशे माणसे असत असे ऑर्म म्हणतो. नौकेच्या मानाने हा आकडा मोठा वाटतो. अमात्य रामचंद्रपंतांच्या ‘आज्ञापत्रा’त पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून आरमाराचा एक सुभा करावा असे सांगितले आहे. त्यातच रयतेची आंबा-फणसाची झाडे आरमारासाठी तिला राजी न करता तोडू नयेत अशी ताकीद आहे.

गलबतांची पहिली मोठी कसोटी १६७९ मध्ये मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर लागली. मराठा आरमाराचा अधिकारी मायनाक भंडारी तेथे किल्ला बांधीत असता इंग्रजांनी वेढा घातला, परंतु गलबते रात्री इंग्रज जहाजांच्या मधून निसटून सामान पोहोचवीत राहिली. १८ ऑक्टोबरला पहाटे मराठा आरमाराचा दुसरा अधिकारी दौलतखान याची गलबते नागावच्या किनाऱ्यावरून एकदम आठ इंग्रज नौकांवर चालून आली, तेव्हा त्यांपैकी ‘डव्ह’ ही नौका मराठ्यांच्या हाती लागली आणि बाकीच्यांनी पळ काढला. एकट्या ‘रिव्हेंज’ने टिकाव धरून काही गलबते बुडविली व उरलेल्यांचा पाठलाग केला, पण नागोठण्याच्या खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यामुळे तिला थांबावे लागले.

सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या काळात दस्तक नसलेली जहाजे अडविणे हे गलबतांचे रोजचे काम झाले. इंग्रज कागदपत्रांत याला चाचेगिरी म्हटले आहे. मात्र इंग्रज व पोर्तुगीजही आपापले परवाने सक्तीने घ्यावयास लावीत, हे पाहता तो शब्द एकतर्फी ठरतो. मुंबईकर इंग्रजांनीही पुढे आपल्या आरमारात गलबते ठेवली.

मात्र बंदरात दाटीने नांगरलेल्या गलबताला वल्ह्यांचा काहीच उपयोग नव्हता. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या, तेव्हा एका जहाजावर पडलेल्या गोळ्याची आग पसरत जाऊन कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. तुळाजींविरुद्ध पेशव्यांनी स्वतःच इंग्रजांशी हातमिळवणी केली होती, ही या प्रसंगातील बोचणारी बाब होय. त्यानंतर पेशव्यांचे आरमार विजयदुर्गाहूनच चालले आणि ८ एप्रिल १७८३ रोजी त्याचे प्रमुख आनंदराव धुळप यांनी मोठी जहाजे व गलबते मिळून रत्नागिरीजवळ इंग्रजांचे ‘रेंजर’ हे जहाज पकडले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि १८४० च्या सुमारास कुलाब्याचे आंग्रे संस्थानही खालसा झाले.