भाऊराव कोल्हटकर : एकोणिसाव्या शतकांतील एक नायिका



पॅरिस शहरांत १८९९ च्या मे महिन्यांत सारा बर्नार ही जगद्विख्यात नटी पुरुषवेष घेऊन हॅम्लेटच्या भूमिकेंत उभी राहिली. त्याच वर्षीं जानेवारींत इंदुरास देवलांच्या ‘शारदे’चा पहिला प्रयोग झाला. त्यांत कोदंडाचें काम करणारा नट त्यापूर्वीं अनेक वर्षें शकुंतला, सुभद्रा आणि वसंतसेना होऊन महाराष्ट्रास मोहून टाकीत आला होता. पॅरिसला स्त्रीनें पुरुष होणें हें नवल. आपल्याकडे पुरुषानें स्त्री होणें हा रिवाज!

हा नट म्हणजे लक्ष्मण बापूजी ऊर्फ भाऊराव कोल्हटकर. रसिकांचा लाडका ‘भावड्या’. जन्म बडोद्याचा, सन १८६३ चा. सन १८८२ त ते अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मंडळींत आले आणि त्याच वर्षीं रंगभूमीवर आलेल्या ‘सौभद्रा’नें या एकोणीस वर्षांच्या तरुणाचें नांव सर्वतोमुखीं केलें.

त्याचें कारण नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत पदें सूत्रधार म्हणे; पात्रें हावभाव करीत व आयत्या वेळीं सुचेल तें बोलत. किर्लोस्करांनीं १८८० च्या ‘शाकुंतला’पासून पात्रांच्याच मुखीं गाणें घातलें. आतां नायिका नुसती देखणी असून भागेना. तिला गळा हवा. कुलीन स्त्रीनें चारचौघांत गाणें तर त्या काळीं कल्पनेपलीकडचें, आणि गाणाऱ्या कलावंतिणींस प्रतिष्ठितांच्या नाटकगृहांत स्थान नव्हतें. ही अडचण भाऊरावांच्या उंच, धारदार आवाजानें सोडविली. ध्वनिवर्धक नव्हता, तरी तान शेवटच्या रांगेपर्यंत पोंचे. केवळ रूपावर आणि गळ्यावर विसंबणारा हा नट नव्हता, हेंहि सांगावयास हवें. ‘रामराज्यवियोगां’त त्यानें कुबड्या मंथरेचें काम पत्करलें. लोकप्रिय नायिकेनें असें धाडस करणें कोणत्याहि देशांत विरळाच.

परंतु मला वाटतें, भाऊरावांच्या यशानेंच स्त्रियांची वाट अधिक अडली. पुरुष इतकी उत्तम सुभद्रा करतो, मग स्त्री हवी कशाला, असें म्हणावयास समाजास सोईचें झालें. म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधिल्या जाणाऱ्या मुलीचें दुःख ‘शारदा’ नाटकांत आलें, तें मांडावयासहि पुरुषनटच उभा राहिला! १९०५ सालीं नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळींत आले आणि हीच परंपरा अधिकच वैभवास चढली. नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांच्या शाळें’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या, तें साल १९३३. आमच्या पिंपरी-चिंचवडास जानेवारी २०२४ मध्यें शंभरावें नाट्यसंमेलन भरलें. तेथें जमलेल्या तरुण नटींस ही हकीकत दंतकथाच वाटावी.

भाऊराव १३ फेब्रुवारी १९०१ रोजीं वारले; वय अवघें सदतीस. बर्नारबाई एक पाय कापल्यावरहि रंगभूमीवर येत राहिल्या आणि १९२३ पर्यंत जगल्या. त्यांचा आवाज तबकड्यांवर आजहि ऐकावयास मिळतो. आपल्या देशांत ग्रामोफोन कंपनीनें पहिलीं ध्वनिमुद्रणें केलीं तीं कलकत्त्यास, १९०२ च्या नोव्हेंबरांत. भाऊरावांस जाऊन तेव्हां एकवीस महिने लोटले होते.