झाड कुठल्या दिशेला पडलं?

मागच्या मे महिन्यात मांजरीत वळीव झोडपून गेला. मी घरात खिडकीशी ट्रायपॉड लावून साठेक फोटो काढले. एकात वीज मस्त सापडली. सकाळी पडलेल्या झाडांचेही फोटो घेतले. गाईडनी एकच विचारलं, "झाडं कुठल्या दिशेला पडली?" फोटोवरून काही कळेना. परत गेले, तोवर फांद्या तोडून रस्ता मोकळा झाला होता. पुरावा गेला!

दिशेचं एवढं काय, असं तुम्हालाही वाटेल. त्यासाठी थोडा इतिहास बघू.

1882 मध्ये फिलाडेल्फियात विल्यम जेनिंग्ज यांनी विजेचा फोटो काढला. चित्रकार तेव्हा वीज करवतीच्या दातांसारखी काढत. ती खरंच तशी असते का, हे त्यांना तपासायचं होतं. फोटोत ती नदीसारखी वळणावळणाची, फाटे फुटलेली दिसली. प्रश्न आधी, कॅमेरा नंतर.

एप्रिल 1974 मध्ये अमेरिकेत टोर्नेडोंनी हाहाकार उडवला. टेड फुजिता विमानातून नुकसानीची पाहणी करत होते. एके ठिकाणी झाडं चाकाच्या आऱ्यांसारखी, मधून बाहेरच्या दिशेला आडवी झालेली दिसली. 1945 मध्ये अणुबॉम्बनंतरच्या नागासाकीत त्यांनी असाच नमुना पाहिला होता. म्हणजे हा टोर्नेडो नव्हे. ढगातून थंड हवेचा झोत जमिनीवर आदळून चहूकडे पसरला होता. त्याला त्यांनी 'डाउनबर्स्ट' म्हटलं. जून 1975 मध्ये न्यूयॉर्कला उतरताना ईस्टर्न 66 हे विमान कोसळलं, तेव्हा त्यांनी असाच झोत कारणीभूत ठरवला. अनेकांना ते पटलं नाही. पुढे रडारनं पुष्टी केली आणि विमानतळांवर इशारा देणाऱ्या यंत्रणा आल्या. सुरुवात मात्र पडलेल्या झाडांपासून झाली होती.

आपल्या वळवाआधी धुळीचा लोट उठतो ना? तिथेही हेच घडतं. ढगाखालच्या कोरड्या हवेत पावसाचे थेंब सुकतात, हवा गार आणि जड होऊन खाली येते. असा जोरदार झोत कधीकधी दोन-तीन किलोमीटरपुरताच असतो. मांजरीतला झोत शिवाजीनगरच्या वेधशाळेतल्या यंत्रांना जाणवेलच असं नाही. मग उरतो तुमचा फोटो.

म्हणून पुढच्या वेळी फोनचं घड्याळ बरोबर आहे ना बघा. वादळात घरातच थांबा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्ध्या तासानंच बाहेर पडा. प्रत्येक झाडाची जागा आणि होकायंत्रावरची दिशा वहीत लिहा. गार पडलीच, तर शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. आणि हे सगळं कुऱ्हाड यायच्या आत!